मंगळवारपर्यंत

३ मार्च, सोमवार

प्रमुखांनी केबिनमध्ये बोलावलं तेव्हाच पोटात गोळा आला. मला केबिनमध्ये बोलावलं की तो येतोच. एकदा नुसतं पंख्याचं बटण कुठलं ते विचारायला बोलावलं होतं, तरी आला होता. आजचा मात्र खरा निघाला. सार्वजनिक आरोग्याच्या शेवटच्या वर्षाला 'जनवकिली' हा नवा विषय लागलाय आणि तो मी शिकवायचाय.

मी म्हटलं, "सर, मी साथरोग शिकवते. आकडे, आलेख. मला चार लोकांत बोलायला जमत नाही."

"मग इतकी वर्षं काय खाणाखुणांनी शिकवताय?" ते हसले. "सोपं आहे हो. लोकांचं आरोग्याचं गाऱ्हाणं घ्यायचं, ज्याच्या हातात अधिकार आहे त्याच्यापुढे मांडायचं, आणि काम होईपर्यंत पिच्छा सोडायचा नाही. हे मुलांना शिकवा. नीट टिपणं काढा, कारण सत्र संपलं की दुसऱ्या कॉलेजांच्या शिक्षकांनाही तुम्हीच शिकवायचंय."

म्हणजे आधीच उल्हास, त्यात शिक्षक! विद्यार्थी निदान मोबाइल बघतात. शिक्षक चुका बघतात.

घरी सांगितलं तर हे म्हणाले, "भित्र्या भागूबाईच्या हातात ढोल दिला म्हणायचा." ह्यांना काय जातंय बोलायला. पाणीपुरवठा खात्यात अभियंता आहेत, रोज लोकांच्या शिव्या खाऊन रात्री शांत झोपतात. मी मात्र आत्तापासूनच घाबरून बसलेय.

६ मार्च, गुरुवार

पहिला तास. सुरुवातीला घसा असा बसला की दोनदा पाणी प्यावं लागलं. मग एक युक्ती केली. म्हटलं, मी अधिकारी होते, तुम्ही गाऱ्हाणं घेऊन या. दोन मिनिटांत मला पटवा.

आणि गंमत म्हणजे अधिकारी मला फार छान जमतो! "अर्ज आलाय का?" "हे आमच्याकडे येत नाही." "वरून आदेश नाहीत." एकेक वाक्य आपोआप जिभेवर येत होतं. एकही जण मला हलवू शकला नाही. वर्गात जिला सगळे 'वकीलबाई' म्हणतात ती बडबडी मुलगीसुद्धा शेवटी हात जोडून खाली बसली. जन्मभर 'नको' ऐकून घेतलं की 'नको' म्हणता येतं, दुसरं काय.

आणखी एक जण लक्षात राहिली. वयाने मोठी आहे, आधी कुठल्याशा दवाखान्यात नर्स होती, मग शिकायला आली. तिला सगळे 'सिस्टर'च म्हणतात. तिने एकच प्रश्न विचारला, "मॅडम, अधिकाऱ्याने ऐकलं नाही, तोवर पेशंटचं काय करायचं?" मी म्हटलं, ते पुढच्या धड्यात येईल. येतं की नाही कोण जाणे.

९ मार्च, रविवार

हे सकाळी अचानक उठून लेकीला घेऊन आले. तिला सहावा सरून सातवा लागतोय. जावई कामानिमित्त दोन-तीन महिने बाहेरगावी आहेत, हे खरं; पण ती मजेत होती तिथे. समोरच्या दारातली तिची मैत्रीणही गरोदर आहे, दोघी दिवसभर एकमेकींच्या घरात असतात. तिला लेक नुसतं 'समोरची' म्हणते.

"बाबांचं काय चाललंय?" लेक बॅग आपटत म्हणाली. "म्हणे जिने चढू नकोस. पहिला मजला आहे माझा, आई! इथे तुमचा तिसरा."

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे म्हणाले, "इथे आपण आहोत ना लक्ष द्यायला," आणि वर्तमानपत्र उघडलं. बापाची माया अशीच, वेळी-अवेळी उतू जाते. मला तर बरंच वाटलं. घर भरलं.

१४ मार्च, शुक्रवार

सरावासाठी एक खरा विषय निवडायचा होता. मी मुद्दाम सोपा, निरुपद्रवी सुचवला: कॉलेजच्या फाटकाजवळचा कचरा. ना कोणाला राग, ना कोणाला दुखापत. पण वकीलबाई उठली. "मॅडम, गिरणीमागच्या वस्तीत कावीळ सुरू झालीय. आमची कामवाली तिथलीच, तिच्या घरातले दोघं आजारी आहेत. हाच विषय घेऊ."

सगळ्यांनी बाकं वाजवली. मी म्हटलं, बघू. 'बघू' म्हणजे 'नको', हे माझ्या घरच्यांना कळतं. वर्गाला कळलं नाही. ते उद्याच वस्तीत जाणार आहेत.

कावीळ म्हणजे बहुतेक पाणी. पाणी म्हणजे ह्यांचं खातं. 

२१ मार्च, शुक्रवार

मुलं घराघरांत फिरून आली. कावीळ आहेच, सगळी एकाच बाजूची, आणि पहिला आजारी दहा तारखेनंतरचा. लोक सांगतात, नळाला सकाळी सुरुवातीला वास येतो. मुलांनी आकडे फळ्यावर मांडले. माझ्यातली साथरोगवाली खूश झाली, इतकं नीट काम. माझ्यातली बायको खाली मान घालून बसली.

सिस्टरने विचारलं, "गरोदर बायका किती आहेत ते बघायचं का? ही कावीळ त्यांना फार वाईट." मी म्हटलं, बघायलाच हवं. दरवर्षी शिकवते मी हे. शेवटच्या महिन्यांत ही कावीळ झाली तर जिवाशी गाठ.

आणि मग बॉम्ब. वकीलबाईने नगरपालिकेच्या आरोग्य समितीच्या जनसुनावणीत आपलं नाव घातलंय. ८ एप्रिल, मंगळवार. खरी सुनावणी. खरे अधिकारी. ह्यांचे साहेब!

"अगं, सराव होता हा," मी म्हटलं.

"मॅडम, पोहायला शिकवता आणि पाण्यात उतरलो की ओरडता," ती म्हणाली. सगळे हसले. मीही हसले. बाथरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारलं.

२५ मार्च, मंगळवार

आज वर्गात वाद झाला. सिस्टर म्हणाली, "सुनावणीला अजून दिवस आहेत. तोवर आपण वस्तीत जाऊन सांगू या, पाणी उकळून प्या. आणि कोणाला मळमळ, ताप असला तर लगेच दवाखान्यात जा."

मी तिला समजावलं. आपण वस्तीत गाजावाजा केला की संध्याकाळपर्यंत खात्याला कळणार. रातोरात ते पाइपात औषध सोडतील, मग नमुना घेतील, नमुना स्वच्छ येईल, आणि सुनावणीत आपण तोंडावर पडू. मग ती लाइन आणखी दहा वर्षं तशीच. म्हणून जनवकिलीतला पहिला नियम: हुकमाचा पत्ता आधी टाकायचा नाही. योग्य जागा, योग्य वेळ.

वकीलबाईने लगेच लिहून घेतलं. सिस्टर म्हणाली, "उकळा एवढंच तर सांगायचंय, मॅडम."

"आठ तारखेच्या मंगळवारपर्यंत थांबा," मी जरा आवाज चढवून म्हटलं. माझा आवाज चढू शकतो हे मलाच नवीन होतं. ती बसली.

खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. थांबणं मला नेहमीच बरं वाटतं.

२८ मार्च, शुक्रवार

ह्यांना माझ्या विषयात एकाएकी रस आलाय. जेवताना रोज विचारतात, "काय म्हणतायत तुझे वकील? कुठला मुद्दा पहिला घेणार? नमुन्याचं काही बोलणार का?" मीही सांगते. इतक्या वर्षांत साथरोगाबद्दल ह्यांनी कधी 'हं'च्या पुढे काही विचारलं नव्हतं. अधिकारी म्हणून कोणती उत्तरं द्यावी हेही सुचवतात, आणि मी ती दुसऱ्या दिवशी वर्गात वापरते. "लोकांच्या टाक्या घाण असतात, पाइप नव्हे," हे ह्यांचंच. मुलं अगदी हतबल झाली.

लेकीला घरून पुस्तकं आणायची होती. हे म्हणाले, "मी आणतो, तू जायचं नाहीस." ती म्हणाली, "मग समोरचीला तरी इकडे बोलवू?" हे म्हणाले, "एवढ्या लांब कशाला तिला त्रास." लेक माझ्याकडे बघून डोळे फिरवत होती.

३ एप्रिल, गुरुवार



संध्याकाळी चहा घेताना मी ह्यांना म्हटलं, आज उलटं करू. तुम्ही अधिकारी व्हा, मी विद्यार्थिनी होते. माझी मुलं माझ्यापुढे कशी गडबडतात ते मलाही कळू दे. हे हसले, खुर्ची सरळ केली, चष्मा नाकावर आणला. हुबेहूब साहेब.

मी विचारलं, "साहेब, गिरणीमागच्या वस्तीला पाणी कुठून येतं?"

"उंच टाकीवरून."

"मधे कुठे गळती?"

"तक्रार नाही."

"ती लाइन आणखी कुठे जाते?"

ह्यांनी सवयीने उत्तर दिलं. हे काम ह्यांना झोपेतही येतं. "टाकी, गिरणीमागून नाल्याच्या कडेने वर, आणि शेवट बँक कॉलनीत. एकच लाइन."

बँक कॉलनी. लेकीचं घर.

  चहाचा कप बशीत ठेवताना ह्यांचा हात चुकला. मग उठले आणि म्हणाले, "झाला तुझा खेळ. मला काम आहे."

तर जिने नव्हते. वस्तीत पहिला माणूस आजारी पडायच्याही आधी ह्यांनी लेकीला उचलून आणलं. ह्यांना माहीत होतं. आजही आहे.

मी विचारलं नाही. विचारलं की उत्तर येईल, आणि उत्तर आलं की या घरात त्याच्याबरोबर राहावं लागेल. मला भीती वाटते. ह्यांची नव्हे, उद्या सकाळी ह्यांच्यासमोर चहाला बसायची.

४ एप्रिल, शुक्रवार

दिवसभर एकच विचार. खात्याला माहीत होतं याचा पुरावा मुलांकडे नाही, म्हणूनच त्यांचं गाऱ्हाणं अडकतं. तो पुरावा माझ्या घरात बसून कलिंगड खातोय. मी जर मंगळवारी समितीपुढे सांगितलं की खात्यातल्या माणसाने स्वतःची लेक त्या लाइनीवरून हलवली, तर एकही अधिकारी तोंड उघडू शकणार नाही. त्याच संध्याकाळी पाणी बंद होईल. शेकडो घरं.

आणि माझं एक घर मोडेल. ह्यांची नोकरी, ह्यांची मान, सगळं.

समोरचीला फोन करावा असं मनात आलं. नंबर लेकीच्या फोनमध्ये आहे. पण ती एकटी थोडीच गप्प बसणार? कॉलनीभर होईल, कॉलनीतून खात्यात जाईल, ह्यांच्या साहेबांना तयारीला चार दिवस मिळतील. हुकमाचा पत्ता असा चिल्लर खर्च करायचा नसतो. मी दुसऱ्यांना शिकवते आणि स्वतःच घाईला यायचं?

संध्याकाळी लेक म्हणाली, "आई, समोरचीला जेवण जात नाहीये. मळमळ, अंगात कसकस. म्हणते, आठव्या महिन्यात पुन्हा डोहाळे लागले की काय. असं होतं का गं?"

मी भाजी निवडत होते. म्हटलं, "होतं असं कधीकधी."

मंगळवारपर्यंतच तर थांबायचंय.

६ एप्रिल, रविवार

समोरचीला काल रात्री दवाखान्यात नेलं. डोळे पिवळे झाले होते, भलतंच काहीतरी बोलत होती. लेक सकाळपासून रडतेय. ह्यांनी दोनदा तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि दोन्ही वेळा लगेच बाल्कनीत गेले.

आता माझी खात्री झाली. उरलीसुरली शंकाही गेली. मी उभी राहणार. या माणसाने आपली लेक वाचवली आणि समोरच्या दारावर टकटकसुद्धा केली नाही. 

वर्गाच्या तालमीत आज वकीलबाईने झकास मांडलं. मी काहीच सांगितलं नाही त्यांना. सांगितलं तर त्यांच्या चेहऱ्यावर दिसेल.

७ एप्रिल, सोमवार

वकीलबाई म्हणाली, वस्तीतल्या नळांना आज औषधाचा वास येतोय. "मॅडम, त्यांना कळलं. कोणी सांगितलं?" मुलं एकमेकांकडे संशयाने बघत होती. सिस्टरकडे जरा जास्तच. ती म्हणाली, "मी सांगितलं असतं तर छातीठोकपणे सांगितलं असतं."

 जेवताना रोज कोण कोणाला मुद्दे सांगत होतं? काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी नियम सांगून विद्यार्थ्यांची तोंडं बंद केली आणि स्वतः खात्याला वाढून दिलं, तेही आग्रह करकरून.

मुलांना हे सांगण्याची हिंमत झाली नाही. उद्या सगळं भरून काढीन.

८ एप्रिल, मंगळवार

झालं. बोलले.

मोठा दिवाणखाना असावा तशी ती खोली, पण खिडक्या नाहीत. पुढे समिती, डावीकडे अधिकारी, उजवीकडे आम्ही. साहेबांच्या मागच्या रांगेत हे, मांडीवर फायली घेऊन. सकाळी घरातून आम्ही दोघं वेगवेगळे निघालो होतो, जणू शेजारी.

वकीलबाई सुरेख बोलली. पण साहेबांनी एकेक मुद्दा आमच्याच क्रमाने हातात घेऊन बाजूला ठेवला. नमुना? हा बघा, कालचा, स्वच्छ. वास? औषधाचा. आजार? लोकांच्या टाक्या. वकीलबाईचा चेहरा बघवेना. ती माझ्याकडे वळून बघत होती, बुडणारं माणूस काठाकडे बघतं तसं.

समितीच्या अध्यक्षा वयस्कर बाई आहेत, ऐकताना कानामागे हात धरतात. त्या म्हणाल्या, "खात्याला माहीत होतं आणि दुर्लक्ष केलं, असा काही पुरावा आहे का? नसेल तर पुढचा विषय."

मी उठले. बाक घट्ट धरलं.

"मी यांची शिक्षिका. माझी मुलगी बँक कॉलनीत राहते. त्याच लाइनीचं पाणी. ती गरोदर आहे. वस्तीत एकही माणूस आजारी नव्हता, तेव्हा तिच्या वडिलांनी तिला तिथून हलवलं. तिचे वडील पाणीपुरवठा खात्यात आहेत. त्या लाइनीचं काम तेच बघतात." मी अध्यक्षांकडे बघत बोलत राहिले. "तिच्या समोरच्या घरातली मुलगी तिच्याएवढीच, तीही गरोदर. तिला कोणी हलवलं नाही. ती आज दवाखान्यात बेशुद्ध आहे. आमची एकच मागणी आहे. ती लाइन आज बंद करा."

 अध्यक्षांनी विचारलं, "कोण आहेत ते?"

मी बोट दाखवलं नाही. तेवढं नाही झालं माझ्याच्याने. पण हे आपणहून उभे राहिले. फायली खाली पडल्या. साहेब मागे वळून दबक्या आवाजात काहीतरी म्हणाले, ह्यांनी ऐकलं नाही.

"खरं आहे," हे म्हणाले.

लाइन बंद करायचा हुकूम तिथल्या तिथे निघाला. संध्याकाळपर्यंत टँकर लागले. मुलांनी मला अक्षरशः उचललं. वकीलबाई गळ्यात पडून रडली. फक्त सिस्टर दिसली नाही, ती म्हणे थेट वस्तीत गेली.

मी घरी आले आणि स्वयंपाकघरात जमिनीवर बसले. 

९ एप्रिल, बुधवार

ह्यांना घरी बसायला सांगितलंय, चौकशी होईपर्यंत. सकाळी दाढी केली, कपडे केले, आणि मग कुठे जायचं ते न कळून खुर्चीवर बसून राहिले. मला दया आली आणि रागही आला, राग जास्त.

शेवटी तेच बोलले. "मी साहेबांना सांगितलं होतं गं. तोंडी. नाल्याच्या कडेला पाइप कुजलाय, दाब उतरला की बाहेरची घाण आत ओढली जाते. ते म्हणाले, नवी लाइन मंजूर व्हायच्या बेतात आहे, आत्ता बोभाटा झाला तर सगळंच अडकेल. मलाही पटलं. म्हटलं, एकदा मंजुरी आली की लोकांचं कायमचं भलं होईल. मी योग्य वेळ बघत होतो."

योग्य वेळ! तिथे माणसं पिवळी पडतायत आणि हे वेळ बघतायत. मी इतकी चिडले की इतक्या वर्षांचं सगळं बाहेर आलं. म्हटलं, "मंजुरी गेली खड्ड्यात. एका माणसाला तरी सांगायचं होतंत! समोरचं दार वाजवून 'पाणी उकळून पी' म्हणायला काय तोंडाला कुलूप होतं?"

ह्यांनी मान खाली घातली.

आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं की मी भित्री नाही. हे इथे लिहून ठेवते, कारण उद्या वाटेल न वाटेल.

१२ एप्रिल, शनिवार

समोरची शुद्धीवर आली. बाळ गेलं. पोटातच.

लेकीने जेवण टाकलंय. बापाशी अबोला धरलाय. मी जवळ गेले की माझ्या कुशीत येते, मग तिच्या पोटातलं बाळ मला लाथ मारतं आणि आम्ही दोघी दचकतो.

प्रमुखांचा फोन आला होता. शिक्षकांची कार्यशाळा ठरलीय, जागा आत्ताच भरल्यात. "काय टायमिंग साधलंत हो! हुकमाचा पत्ता शेवटपर्यंत हातात ठेवलात. टिपणांत पहिल्या पानावर हेच घ्या." मी 'हो' म्हटलं. फोन ठेवला आणि का कोण जाणे, उलटीसारखं झालं. दोन दिवस नीट जेवण नाही, त्याचं असेल.

१३ एप्रिल, रविवार

लेक आज हट्टाने दवाखान्यात जाऊन आली. आल्यावर चपलासुद्धा न काढता माझ्यासमोर बसली.

"आई, बाबांनी मला का आणलं हे तुला कधी कळलं?"

मी म्हटलं, "सुनावणीच्या आधी."

"आधी म्हणजे कधी?"

"गुरुवारी."

 "मी तुला शुक्रवारी सांगितलं होतं तिला जेवण जात नाही म्हणून. तू म्हणालीस, होतं असं."

मी समजावायला लागले. शिकवते तसंच समजावत होते, ऐकू येत होतं मला. की ही कावीळ अंगात शिरते आणि कित्येक आठवड्यांनी दिसते. की गुरुवारी सांगून तिची लागण टळली नसतीच. की मी आधी बोलले असते तर खात्याने सावरून घेतलं असतं, शेकडो घरं त्याच पाण्यावर राहिली असती. सगळं खरं आहे. एक शब्द खोटा नाही.

"लागण नसती टळली," ती म्हणाली. "पण ती शुक्रवारीच दवाखान्यात गेली असती. तिला वाटत होतं डोहाळे आहेत, म्हणून घरी पडून राहिली. तिथले डॉक्टर काय म्हणाले सांगू?"

मी म्हटलं, "नको."

"तुला माहीतच आहे काय म्हणाले ते. तूच शिकवतेस."

हे दारात उभे होते. ह्यांनी ऐकलं असणार. बुधवारी मी जे ह्यांना बोलले ते सगळं मला परत देता आलं असतं ह्यांना, शब्द न् शब्द. हे काही न बोलता आत निघून गेले. बोलले असते तर बरं झालं असतं.

मग लेक म्हणाली, "तिला यातलं काही माहीत नाही. तिच्या नवऱ्याने तिला पेपरातलं तुझं भाषण वाचून दाखवलं. ती म्हणते, तुझ्या आईने घरादाराची पर्वा केली नाही, माझ्यासाठी उभ्या राहिल्या. तिला तुझे आभार मानायचेत. मी तोंड उघडलं नाही. उद्या तुला घेऊन जाते. ते तू सांगायचंस."

मी 'येते' म्हटलं.

मंगळवारी बाक धरून उभी होते, तेव्हा वाटलं होतं की याच्यापेक्षा मोठी भीती नाही. किती पोरकट. तिथे माझ्याकडे बाजू होती, मागणी होती, मुलं होती पाठीशी. उद्या एक खाट, एक रिकाम्या कुशीची मुलगी, आणि मी. काय मागायचं तिच्याकडे?

फक्त एवढं ठरवलंय की वाट बघायची नाही. ती हात पुढे करील, 'काकू' म्हणेल, आभार मानायला लागेल. त्याच्या आधीच, दारातूनच, सांगायचं.